पारखी चोर

सोमवारी सकाळी दाजींनी दुकानाचं शटर वर केलं, आत पाऊल टाकलं आणि आपल्याकडे चोरी झाली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा पहिली पाच मिनिटं त्यांना रीतसर वाईट वाटलं. सहाव्या मिनिटापासून जे वाटायला लागलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्यांची छाती फुगायला लागली होती.

खरं तर दाजींना दाजी म्हणण्याचा हक्क जगात एकाच माणसाला होता, तो म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाला. पण हा मेहुणा गेली अठरा वर्षं दुकान मधोमध विभागणाऱ्या प्लायवूडच्या पलीकडून दिवसातून तीस वेळा "दाजी" अशी हाक मारत आला होता आणि प्लायवूड पातळ होतं. त्यामुळे गिऱ्हाइकं, पोस्टमन, चहावाला, झालंच तर समोरचा केस कापणारा, सगळेच त्यांना दाजी म्हणत. एकदा एका गिऱ्हाइकाने त्यांचं खरं नाव घेऊन चौकशी केली, तर चहावाल्याने "असं कोणी इथे राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खोली दाजींच्या बायकोच्या नावावर, आणि मधोमध ते प्लायवूड. उजवीकडे मेहुणा नव्या चेनसॉ विकायचा. तिथे काच होती, थंड हवा होती, भिंतीला लावून बारा नव्या पेट्या रचलेल्या होत्या आणि एक नमुन्याची करवत दिव्याखाली नवरीसारखी बसवलेली होती, जी मेहुणा रोज रात्री जपून घरी नेई. डावीकडे दाजी जुन्या चेनसॉ दुरुस्त करायचे. तिथे एक पंखा होता, तोही दुरुस्त केलेला.

फळीवर एकोणीस करवती ओळीने असत. त्या सोमवारी अठरा होत्या. एकोणिसावीच्या जागी धुळीत तिच्या आकाराचा स्वच्छ ठसा उमटलेला होता.

आता कोणी म्हणेल, यात फुगण्यासारखं काय? तर दाजींनी दुसरी गोष्ट पाहिली. करवत सुरू करायला जी दोरी ओढतात तिची मूठ ते नेहमी पट्टीच्या, म्हणजे जिच्यावरून साखळी फिरते तिच्या, दिशेने वळवून ठेवत. आज अठराच्या अठरा मुठी आडव्या होत्या. म्हणजे चोराने एकेक करवत त्या मुठीला धरून उचलली होती. ही या धंद्यातली जुनी परीक्षा. करवत जमिनीवरून दोरीच्या मुठीने उचलायची आणि हवेत लटकत ठेवायची. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, झिजलेला असला तर दोरी सरसर सुटते आणि मशीन धप्पकन खाली येतं. दट्ट्या आणि सिलिंडर तंदुरुस्त असले तर आतली हवा दबून राहते, आणि करवत दमादमाने, एकेक टप्पा घेत, जिना उतरल्यासारखी उतरते. ही परीक्षा पुस्तकात नसते. ती हातालाच माहीत असते.

चोराने एकोणीस करवती लटकवून पाहिल्या होत्या आणि त्यांतून एकच नेली होती. थोरली.

प्लायवूडमधलं मधलं दार उघडं होतं. पलीकडे बारा नव्या पेट्या जशाच्या तशा होत्या, चिकटपट्टीसकट. दाजी त्या दारात उभे राहून एकदा पेट्यांकडे आणि एकदा धुळीतल्या ठशाकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पोलिसांना फोन केला.

थोरलीची हकिगत सांगायला हवी. चार वर्षं ती एका लाकूड ठेकेदाराच्या फाटकाला टेकून होती, फाटक वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून. दाजींनी तिच्या बदल्यात एक चांगली वीट दिली, वर फाटकाला तेल घालून दिलं, आणि तिला घरी आणली. पेट्रोलची नळी विरघळून गोंदासारखी झालेली, कार्ब्युरेटरमधला पडदा पत्र्यासारखा ताठ, आणि कोणीतरी तेल न मिसळता पेट्रोल घालून चालवल्यामुळे दट्ट्याचं वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या आत थापलेलं. ते त्यांनी थेंबाथेंबाने ॲसिड लावून उतरवलं. दट्ट्या आणि त्यावरची कडी नवी घातली. ठिणगीची कॉइल दुसऱ्या एका करवतीची घातली, जिचं आयुष्य संपलं होतं पण कॉइलला ते कळलेलं नव्हतं. या सगळ्याला अकरा आठवडे लागले.

"या अकरा आठवड्यांत तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होतात," बायको म्हणाली होती.

"गेलीस ना?"

"गेले. एकटी. अर्धवट दिसत होतं तशी."

दाजी काही आंधळेपणाने दुरुस्ती करणारे नव्हते. आलेल्या दहांतल्या सहा करवती ते हात न लावता परत पाठवायचे. आतला सांगाडा प्लास्टिकचा असला, किंवा दुरुस्तीचा खर्च नवीच्या निम्म्यापलीकडे जात असला, की मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आता हिला त्रास देऊ नका." सांगाडा धातूचा असला आणि मधलं बेअरिंग शाबूत असलं, तरच ते बाही मागे सारायचे. पण त्या चारांवर ते जो वेळ घालवत, त्याचा विषय घरात निघाला की दाजींना अचानक कुठेतरी जायचं असे.

मेहुण्याचं म्हणणं साधं होतं. प्लायवूड काढायचं, दुकान रुंद करायचं आणि दाजींना काउंटरवर 'तांत्रिक सल्लागार' म्हणून बसवायचं. छातीवर बिल्ला. बिल्ला त्याने करूनही आणला होता. आठ महिने तो बहिणीच्या मागे लागला होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिने, खोलीची मालकीण या नात्याने, निकाल दिला होता.

"मला एक माणूस दाखवा," ती दाजींना म्हणाली, "ज्याच्यासमोर नवीकोरी करवत होती आणि तरी त्याने तुमची जुनी उचलली. एकच. तुमची जुनी गिऱ्हाइकं नकोत, ती तुमच्या गप्पांसाठी येतात. असा माणूस मिळाला तर प्लायवूड राहील. नाही मिळाला तर येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सुतार येतोय."

आणि रविवार उलटतो न उलटतो तोच, बारा नव्या डावलून थोरली उचलणारा माणूस देवाने पाठवला होता. फक्त तो पत्ता न ठेवता गेला होता.

हवालदार आला. त्याने बसायला स्टूल घेतलं, चहा घेतला आणि वही उघडली.

"काय गेलं?"

"चेनसॉ. एक."

"लाकूड कापण्याचे यंत्र, एक," हवालदाराने लिहिलं. "वय?"

"सव्वीस वर्षं."

हवालदाराने मान वर केली. "आणि पलीकडे त्या नव्या?"

"त्या आहेत."

"चोराला दिसल्या नसतील."

"दिसल्या. पसंत पडल्या नाहीत."

हवालदाराने एक घोट घेतला. "कुलूप तोडलंय का?"

"ओरखडासुद्धा नाही," दाजी कौतुकाने म्हणाले. "हाताला कसब आहे त्याच्या."

"किल्ल्या कोणाकोणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक मेहुण्याकडे. तो घरचाच, त्याचं सोडा."

हवालदाराने दाजींकडे पाहिलं, मधल्या दाराकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. त्याची नोकरी बावीस वर्षांची होती. त्याने फक्त एवढंच विचारलं, "किंमत काय लावू?"

इथे दाजी अडले. भंगारवाला देईल ती किंमत सांगायला जीभ रेटेना, आणि मनातली सांगायला संकोच वाटेना पण रकाना लहान होता.

"तो रकाना रिकामा ठेवा," ते म्हणाले. "चोर सापडला की त्यालाच विचारू."

एवढ्यात मेहुणा आला. हवालदार पाहून तो उंबऱ्यातच थबकला. दाजींनी त्याला सगळं सांगितलं, मुठी कशा आडव्या होत्या ते दोनदा.

"दाजी, कशाला पोलीस?" मेहुणा घाम पुसत म्हणाला. "एक जुनं धूड गेलं. जागा झाली म्हणायचं."

"धूड?"

"म्हणजे तसं नव्हे. पण तक्रार कशाला? येईल परत."

"पायाने येईल?"

मेहुणा पलीकडे आपल्या बाजूला गेला. त्याने आपल्या पेट्या मोजून पाहिल्या नाहीत की गल्ला उघडून पाहिला नाही. दाजींना हे दिसलं, आणि त्यांना त्याची मनापासून दया आली. चोराने आपल्या मालाला हातही लावला नाही हे कुठल्या दुकानदाराला सहन होईल? त्यांनी ठरवलं की आज त्याला फार बोलायचं नाही.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला विजयी बातमी दिली.

"सापडला तुझा माणूस."

"कोण?"

"चोर."

तिने ताटात वाढता वाढता हात थांबवला. "मी गिऱ्हाइकाबद्दल बोलत होते."

"गिऱ्हाईक उधार नेतं, जुन्या ओळखीने नेतं, आग्रहाला बळी पडून नेतं. चोराला कसली भीड? त्याच्यासमोर दोन्ही होत्या आणि दोन्ही फुकट होत्या. याहून निःपक्षपाती माणूस तू कुठून आणणार?"

युक्तिवाद बिनतोड होता हे तिला पटलं असावं, कारण तिने आमटी वाढली. "बरं. मग आणा त्याला. माझ्यासमोर उभा राहून सांगू दे, की नवी सोडून जुनी का नेली. रविवारपर्यंत. सुताराला मी नाही म्हटलेलं नाही."

अशा रीतीने त्या गावात प्रथमच एक चोर पकडण्यासाठी नव्हे तर साक्षीसाठी शोधला जाऊ लागला. मंगळवारी दाजींनी दुकानाबाहेर पाटी लावली: 'रविवारी करवत नेणाऱ्या गृहस्थांनी कृपया येऊन भेटावे. रागावणार नाही. साखळीला धार लावून मिळेल.'

मेहुण्याने ती पाटी तीन वेळा वाचली. तो दोन दिवस दुकानात उशिरा येत होता, पोट बिघडलंय म्हणायचा. त्याच्या कानामागे लाकडाचा भुसा होता, आणि दाजींनी तो स्वतःच्या हाताने झटकलाही होता, "जरा अंघोळ नीट करत जा" असं म्हणून. जो माणूस स्पार्क प्लगच्या काजळीचा रंग पाहून मालकाचा स्वभाव सांगायचा, तो त्या आठवड्यात अभिमानाने असा काही भरून गेला होता की त्याला हत्ती दाखवला असता तरी त्याने त्याला बसायला स्टूल दिलं असतं.

"दाजी," मेहुण्याने बुधवारी प्लायवूडपलीकडून हाक मारली, "सहज विचारतो. जुन्या मशीनला पेट्रोलमध्ये तेल जास्त लागतं का हो?"

दाजींच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. अठरा वर्षांत त्याने असा प्रश्न विचारला नव्हता. ते उठून पलीकडे गेले आणि पन्नासास एक कधी, चाळीसास एक कधी, थोरलीसारखीला चाळीसास एकच का, हे त्यांनी पंचवीस मिनिटं समजावलं. मेहुण्याने कागदावर टिपून घेतलं.

"विचारलंस ते बरं केलंस," दाजी म्हणाले. "त्या चोराला हे कोण सांगणार, हीच मला काळजी आहे."

"सांगितलं असेल कोणीतरी," मेहुणा म्हणाला.

गुरुवारी सकाळी दाजी सायकलवरून लेथवाल्याकडे निघाले होते. वळणावर त्यांनी पाय टेकला. दूर कुठेतरी करवत चालू होती. दाजींनी कार्ब्युरेटरचा स्क्रू मुद्दाम किंचित मोकळा ठेवला होता, त्यामुळे थोरली रिकामी फिरताना घशात गुळणी केल्यासारखा आवाज करायची, आणि पट्टी लाकडात शिरली की तो आवाज एकदम स्वच्छ व्हायचा, जसा गवई खाकरून सूर लावतो तसा. हजार करवतींत त्यांनी तो ओळखला असता. त्यांनी सायकल वळवली.

आवाज त्यांना ओळखीच्या रस्त्यावरून ओळखीच्या गल्लीत घेऊन गेला आणि मेहुण्याच्या घरामागे जाऊन थांबला. दाजींच्या मनात आधी आलं ते असं, की चोराचं धाडस बघा, चोरलेली करवत घेऊन मालकाच्याच मेहुण्याकडे मजुरीला आला. मग त्यांनी मागच्या भिंतीवरून डोकावलं.

शनिवारच्या वाऱ्याने एक जुनं झाड उन्मळून मागच्या भिंतीवर रेललं होतं. बुंधा दोन्ही हातांनी मिठी मारावी एवढा. फांद्या केव्हाच कापून नीट रचलेल्या होत्या. हेल्मेट घातलेला मेहुणा, थोरली दोन्ही हातांत धरून, बुंध्यात अर्ध्यावर पोचला होता. पायाशी पांढऱ्या, लांब, कुरळ्या ढलप्यांचा ढीग पडला होता. नुसतं पीठ पडत नव्हतं, म्हणजे साखळीची धार अजून टिकली होती. नमुन्याची नवी करवत भिंतीवर बसून गार होत होती.

काप चालू असताना मध्येच कोणाला हाक मारायची नसते. दाजी भिंतीवर कोपरं टेकून उभे राहिले आणि ऐकत राहिले. पट्टी खाली गेली, आवाज जरासुद्धा दबला नाही, आणि बुंध्याचा तुकडा सुटून मऊ मातीत असा पडला की दाजींना तो तळपायात कळला.

"टोकाने दाबू नकोस," मग ते म्हणाले. "तिचं तिला जाऊ दे."

मेहुण्याने करवत बंद केली. हेल्मेट काढलं.

"दाजी."

"बोल."

"सोमवारी तुमच्याआधी येऊन गुपचूप ठेवणारच होतो. त्या दिवशी उठायला उशीर झाला आणि तुम्ही नऊलाच हवालदार आणून बसवलात. मग काय सांगू?"

"ते सोड. नवीला काय झालं?"

मेहुण्याने नवीकडे पाहिलं, जसं आपणच बोलावलेल्या पाहुण्याकडे पाहावं. "वाईट नाहीये ती. फांद्या सगळ्या तिनेच कापल्या, हाताला कळलंसुद्धा नाही. पण बुंध्यात घातली की दोन मिनिटांत तापते आणि आपली आपण बंद होते. मग वीस मिनिटं थांबायचं. पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मग पेटीतली दुसरी काढायचीस."

"बाराही पेट्यांत हीच आहे."

दाजींनी मान डोलावली. खरा प्रश्न अजून व्हायचा होता आणि त्यांना त्याची घाई नव्हती. सायकल भिंतीला नीट टेकवून त्यांनी विचारलं, "एकोणीस लटकवून बघितल्यास?"

"तुम्हीच शिकवलं होतंत. पेट्या यायच्या आधी."

"हो, पण मग हीच का?"

"आता त्यात काय सांगायचं?"

"नाही, सांग. मी ऐकतोय."

मेहुण्याने हेल्मेट बुंध्यावर ठेवलं. "बाकीच्या उतरल्या खाली," तो म्हणाला. "चांगल्याच उतरल्या, सावकाश. ही उतरेचना. हात भरून आला माझा. शेवटी मीच तिला टेबलावर टेकवली."

दाजींनी सायकल भिंतीपासून सरळ केली. "चल," ते म्हणाले. "ताईसमोर हेच सांगायचं. अगदी शब्द न बदलता."

"ताईला कशाला? आयुष्यभर चोर म्हणेल मला."

"चोर म्हणून नेत नाहीये. साक्षीदार म्हणून नेतोय. साक्षीदाराला चहा मिळतो."

बहिणीने भावाला पायपुसण्यावरच उभं केलं, कारण तो डोक्यापासून पायापर्यंत भुशाने माखला होता.

"समोर नवी होती?"

"होती."

"कशाचे पैसे पडत होते?"

"कशाचेच नाही. नवीही आपलीच, जुनीही आपलीच."

"आणि तरी तू ह्यांची जुनी उचललीस."

"हो."

"मग आठ महिने माझे कान कशाला खाल्लेस?"

मेहुणा वाकून पायपुसण्यावरचा भुसा गोळा करू लागला. तिने सुताराला फोन लावला आणि सोमवारी प्लायवूड काढायला येऊ नका म्हणून सांगितलं. नंतर जरा थांबून म्हणाली, "पण या. डावीकडच्या बाजूला आणखी एक फळी लागेल." फोन ठेवून ती दाजींकडे वळली. "तुम्ही एवढे फुलू नका. अकरा आठवडे ते अकरा आठवडेच. पुढच्या वेळी मला डॉक्टरकडे नेऊन मग बसायचं."

"पुढची दहात होईल," दाजी म्हणाले.

संध्याकाळी ते तक्रार मागे घ्यायला गेले. हवालदाराने वहीतलं पान काढलं. "मेहुणाच ना?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"किल्लीमुळे." त्याने तक्रारीवर आडवी रेघ मारली आणि मग रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे राहिलं. चोराला विचारणार होतात."

"विचारलं," दाजी म्हणाले. "तो म्हणाला, हात भरून आला."

हवालदाराने आपल्या नोकरीत अशी किंमत कधी लिहिली नव्हती. ती त्याने लिहिली नाहीच, पण जाताना दाजींना फाटकापर्यंत पोचवायला आला आणि आपल्या सासऱ्यांकडे एक पडून असल्याचं बोलला. सांगाडा धातूचाच आहे म्हणाला.

शनिवारी दुपारी बायको दुकानात आली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, खोली तिच्या नावावर होती, पण डाव्या बाजूला ती कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त उभी राहिली नव्हती. तेलाचा वास साडीला लागतो म्हणायची. मेहुणा उजवीकडे एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "फांद्या असतील तर माझ्याकडे या. बुंधा असेल तर तुम्हाला पलीकडे जावं लागेल." तांत्रिक सल्लागाराचा बिल्ला त्याच्याच छातीवर होता. वाया कशाला घालवायचा म्हणून.

थोरली फळीवर आपल्या ठशात परत बसलेली होती. बायकोने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "कुठे धरायचं?"

दाजींनी मूठ दाखवली. तिने ती दोन्ही हातांनी पकडून थोरली फळीवरून उचलली. दोरी अर्धी वीत बाहेर आली आणि थांबली. सव्वीस वर्षांचं ते धूड तिच्या हाताखाली हवेत, किंचित डुलत, लटकून राहिलं. दाजी श्वास रोखून बघत होते. पलीकडे मेहुण्याचा आवाजही थांबला होता, त्यावरून तोही प्लायवूडच्या फटीला डोळा लावून असावा.

बराच वेळ गेला. थोरली एक टप्पा उतरली आणि पुन्हा थांबली.

"अहो," बायको म्हणाली, "मला भाजी आणायला जायचंय. ही खाली कधी येणार?"

"ते काही सांगता येत नाही," दाजी म्हणाले आणि तिच्यासाठी स्टूल पुढे केलं.